विश्लेषण : वडिलांच्या खुनाचा हिशेब मागणारी १४ वर्षांची मॅटी... ‘ट्रू ग्रिट’चे गारूड आजही का टिकून आहे?

फोर्ट स्मिथ गावच्या शेरिफला एक १४ वर्षांची मुलगी विचारते, तुमच्याकडच्या मार्शलांमध्ये सगळ्यात चांगला कोण? शेरिफ तीन नावे सांगतो. पहिला माग काढण्यात वाकबगार. दुसऱ्याला दयामाया नाही, भीती ठाऊक नाही आणि बाटलीचा शौक दांडगा. तिसरा सरळमार्गी, कैद्याला जिवंत आणणारा, कुणावर खोटा आळ न घेणारा. मुलगी लगेच विचारते, तो दुसरा कुठे भेटेल? चार्ल्स पोर्टिस यांच्या ‘ट्रू ग्रिट’ या कादंबरीची नायिका मॅटी रॉस या एका प्रश्नात उभी राहते. दर रविवारी चर्चला जाणारी, बायबलचे दाखले जिभेवर असलेली ही मुलगी सज्जन माणूस सोडून दारुड्याला निवडते. तिला काम तडीस नेणारा माणूस हवा आहे आणि त्या निवडीचे जे काही होईल ते निस्तरायची तिची तयारी आहे.

जेमतेम दोनशे पानांची ही कादंबरी १९६८ मध्ये आली. तिच्यावर हॉलिवूडने दोनदा चित्रपट काढले आणि दोन्ही गाजले. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांना ‘ट्रू ग्रिट’ म्हणजे जॉन वेन किंवा जेफ ब्रिजेस, डोळ्यावरची काळी पट्टी आणि घोड्यांची धूळ एवढेच आठवते. पुस्तक हातात घेतले की कळते, ही पट्टीवाल्याची गोष्टच नाही.

(पुढे कथानकाचा शेवटही आला आहे. कादंबरी कोरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे.)

कथानक काय आहे?

काळ १८७० च्या दशकातला, अमेरिकी यादवी युद्ध संपून काही वर्षे लोटलेली. आर्कान्सा राज्यातल्या येल परगण्यातला शेतकरी फ्रँक रॉस तट्टे विकत घेण्यासाठी फोर्ट स्मिथला जातो. सोबत टॉम चेनी नावाचा गडी. चेनी पत्त्यांत पैसे हरतो, दारूच्या नशेत बंदूक घेऊन भांडायला निघतो आणि आवरायला आलेल्या मालकालाच गोळी घालतो. अंगावरचे दीडशे डॉलर आणि सोन्याची दोन नाणी काढून घेऊन तो नदीपलीकडच्या ‘इंडियन टेरिटरी’त पळतो. हा आजच्या ओक्लाहोमाचा भाग. स्थानिक शेरिफचा तिथे अधिकार चालत नाही, फक्त केंद्रीय न्यायालयाचे मार्शल जाऊ शकतात.

घरी आई खचलेली, भाऊ-बहीण लहान. तेव्हा मृतदेह ताब्यात घ्यायला थोरली मॅटी येते. सोबतच्या यार्नेल या गड्याला ती वडिलांच्या शवपेटीसह घरी पाठवते आणि स्वतः मागे राहते. रूस्टर कॉगबर्न या एकाक्ष मार्शलला पैसे देऊन चेनीच्या मागावर लावते. टेक्सासहून आलेला लबीफ नावाचा रेंजरही चेनीच्याच शोधात असतो. हे तिघे हिवाळ्यात नदीपार निघतात. इतकीच गोष्ट आहे.

फोर्ट स्मिथचे न्यायालय काल्पनिक नाही. न्यायाधीश आयझॅक पार्कर यांनी १८७५ पासून २१ वर्षे तिथून या टेरिटरीवर न्यायदान केले. त्यांच्या कारकिर्दीत ७९ जणांना फाशी झाली आणि ‘फाशी देणारा न्यायाधीश’ हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले. त्यांच्या हाताखालच्या डेप्युटी मार्शलांना पगार नव्हता. पकडलेल्या माणसामागे फी आणि कापलेल्या मैलांमागे भत्ता, असा मामला. रूस्टर घोड्यावरून न डगमगता गोळ्या झाडतो, पण महिनाअखेरीची ही बिले भरताना त्याला घाम फुटतो. ते कागद शेवटी मॅटीच हाती घेते.

साहस नेमके कुठे आहे?

साहसकथा दोन तऱ्हांनी चालते. एकीत संकटे बाहेरून येत राहतात आणि नायक त्यांतून पार पडतो. नायक बदलला तरी संकटांना फारसा फरक पडत नाही. दुसरीत माणसाच्या स्वभावातूनच पुढचा प्रसंग जन्म घेतो. आपल्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेला नको तिथे डोकावल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून भा. रा. भागवतांची गोष्ट पळते. ‘ट्रू ग्रिट’ या दुसऱ्या जातीची आहे. मॅटीच्या जागी दुसरी कुठलीही मुलगी असती, तर ती यार्नेलसोबत रेल्वेने घरी गेली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

मला विचाराल तर कादंबरीतला सर्वात थरारक प्रसंग गोळीबाराचा नाही. तो घोड्यांचा व्यापारी स्टोनहिल याच्या कचेरीत घडतो. वडिलांनी त्याच्याकडून घेतलेली तट्टे आता मॅटीला नको आहेत, ती त्याने परत घ्यावीत. शिवाय वडिलांची घोडी त्याच्या तबेल्यातून चोरीला गेली, तिचीही भरपाई द्यावी. स्टोनहिल म्हणतो, चोर तुमचाच गडी होता, माझा काय संबंध? बँक लुटली तर ठेवीदाराने कुणाकडे जायचे, असा तिचा उलट सवाल. मग ती आपले वकील डॅगेट यांचे नाव काढते. हे डॅगेट वकील संपूर्ण पुस्तकात तलवारीसारखे तिच्या हातात असतात. कुणी आडवे आले की मॅटी त्यांचे नाव उपसते. हिवतापाने आधीच त्रासलेला स्टोनहिल आकडा वाढवत जातो आणि ती मात्र जागची हलत नाही.

तो पैसे देतो. पावतीवर सह्या होतात. त्यानंतर मॅटी पुन्हा त्याच्याकडे जाते आणि त्याच तट्टांतले एक काळे तट्टू विकत घेते, अर्थातच त्याने मोजलेल्या भावापेक्षा स्वस्तात. हे ‘लिटल ब्लॅकी’. वाचक इथे खुदकन हसतो. याच तट्टावर पुढे काय वेळ येणार आहे, याची त्याला तेव्हा कल्पना नसते.

हा सौदा कथेच्या सुरुवातीला उगाच घातलेला नाही. रूस्टरला द्यायचे पैसे त्यातून उभे राहतात, हे झाले वरवरचे कारण. मुख्य म्हणजे मॅटीला जग कसे दिसते ते इथे कळते. तिच्या लेखी प्रत्येक गोष्टीची किंमत असते, ती कुणीतरी चुकती करावी लागते आणि हिशेब अर्धवट ठेवणे हे पाप. वडिलांचा खून हीदेखील तिच्या वहीतली न फिटलेली बाकी आहे. म्हणून लबीफशी तिचे पटत नाही. लबीफला चेनीला टेक्सासमध्ये नेऊन एका सिनेटरच्या खुनाबद्दल फासावर द्यायचे आहे, त्याच्यावर तिथे इनाम आहे. फाशी तर फाशी, कुठे का होईना, असे तो समजावतो. मॅटीला ते मान्य नाही. चेनी मेला पाहिजेच, पण फ्रँक रॉसच्या खुनाबद्दल आपण मरतो आहोत हे त्याला कळले पाहिजे. दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेली फाशी तिच्या वहीत धरली जाणार नाही.

हे वाचताना मुलीचे कौतुक वाटते आणि जरा भीतीही वाटते. ही भीती पोर्टिस कुठेही कमी होऊ देत नाहीत.

हा आवाज कुठून आला?

कादंबरी मॅटीच सांगते, पण १४ वर्षांची मॅटी नाही. अनेक दशकांनी, अविवाहित, स्वतःच्या बँकेची मालकीण झालेली, एका हाताची म्हातारी मॅटी ती सांगते. वाक्ये ताठ, इस्त्री केलेली. मध्येच एखाद्या राजकारण्यावर शेरा, मध्येच पंथभेदावर छोटेसे प्रवचन, मध्येच एखाद्या वस्तूची किंमत. आपण विनोद करतो आहोत याचा तिला पत्ताच नाही आणि म्हणूनच पानोपानी हसू येते. समोर माणूस मरतो आहे आणि ही त्याच्या अंगावरच्या मालाची यादी सांगते आहे!

पोर्टिस मूळचे पत्रकार. १९३३ मध्ये आर्कान्सातच जन्मलेले. कोरियन युद्धात मरीन म्हणून जाऊन आल्यावर विद्यापीठात शिकताना ते तिथल्या एका स्थानिक दैनिकात काम करत. डोंगराळ खेड्यांतून महिला वार्ताहर हाताने लिहिलेल्या बातम्या पाठवत आणि त्या ‘नीट’ करण्याचे काम पोर्टिस यांच्याकडे असे. त्या बायकांच्या लिहिण्यातली सगळी जान आपण काढून टाकत होतो, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. गावच्या वार्ताहराचा मजकूर उपसंपादकाच्या टेबलावरून जाताना काय होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही दैनिकात काम केलेल्याला वेगळे सांगायला नको. कापलेल्या त्या ओळी जणू पोर्टिस यांच्या कानात राहिल्या आणि मॅटीच्या तोंडून बाहेर आल्या.

पुढे ते न्यू यॉर्कच्या ‘हेराल्ड ट्रिब्यून’चे लंडनमधले प्रमुख झाले. १९६४ मध्ये ती नोकरी सोडून आर्कान्साला परतले आणि कादंबऱ्या लिहू लागले. सगळ्या मिळून पाच. प्रसिद्धीपासून ते कायम चार हात लांब राहिले. २०२० मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रूस्टर नायक की खलनायक?

रूस्टर प्रथम भेटतो तो न्यायालयात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. बचाव पक्षाचा वकील त्याने आजवर किती माणसे मारली याचा आकडा काढू पाहतो आणि रूस्टर तो सांगताना अडखळतो. हा माणूस कायद्याचा की कायद्याआड लपलेला, अशी शंका लेखक पहिल्या भेटीतच पेरून ठेवतो. पुढे रात्रीच्या मुक्कामात एकेक गोष्ट बाहेर येते. बायको सोडून गेलेली, मुलाला बाप नकोसा, एकदा जबर व्याज लावणारी बँक लुटलेली. बँक लुटणे म्हणजे चोरीच, असे मॅटी त्याला तिथल्या तिथे सुनावते. (पुढे ती स्वतः बँक काढते, हे इथे मनात ठेवावे.) सर्वात काळी गोष्ट म्हणजे युद्धात तो क्वांट्रिलच्या टोळीत होता. या टोळीने १८६३ मध्ये कॅन्सास राज्यातल्या लॉरेन्स शहरावर हल्ला करून दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुले मारली, हा इतिहास आहे. लबीफ त्यावरून टोचतो तेव्हा रूस्टर चिडतो, पण सरळ उत्तर देत नाही.

मॅटीही ते प्रकरण खोदत नाही. तिच्या वहीत काही पाने कोरीच आहेत, हे वाचकाला इथे जाणवते. ज्या टेरिटरीतून हे तिघे जातात, ती हाकलून लावलेल्या आदिवासी राष्ट्रांना दिलेली भूमी होती. ती माणसे कादंबरीत कडेकडेनेच येतात. जिवाला जीव देणारा कृष्णवर्णीय यार्नेल काही पानांतच निरोप घेतो. हे मॅटीच्या काळाचे आणि घराचे आंधळेपण म्हणून वाचता येते, तसे ते आहेही. तरीही आजच्या वाचकाला ही पाने खटकतील आणि खटकावीत.

मात्र रूस्टर बदलतो तो कुणाच्या उपदेशाने नाही. नदीवर तो आणि लबीफ मॅटीला मागे टाकून नावेतून पलीकडे जातात. ती लिटल ब्लॅकीला थेट पाण्यात घालते. दोघे पुरुष पलीकडच्या काठावरून बघत राहतात. ती निथळत वर आल्यावर लबीफ तिला छडीने फोडून काढू लागतो. रूस्टर थोडा वेळ गप्प बसतो आणि मग त्याला थांबवतो, बंदूक रोखून. त्या थोड्या वेळात काय झाले, ते लेखक सांगत नाही. रूस्टर त्या क्षणापासून तिचा झाला, एवढेच खरे.

धाडसाची किंमत किती?

चेनी शेवटी भेटतो तो अगदी साधेपणाने. सकाळी मॅटी पाणी आणायला ओढ्यावर जाते, समोर चेनी घोड्यांना पाणी पाजतो आहे. इतक्या पायपिटीनंतर खुनी असा रिकाम्या हाताने, ओळखीचे हसत समोर यावा! ती वडिलांचे जड पिस्तूल काढते, एक गोळी झाडते, दुसऱ्यांदा बार उडत नाही आणि ती लकी नेड पेपरच्या टोळीच्या हाती सापडते. पुढचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. लगाम दातांत धरून, दोन्ही हातांत हत्यारे घेऊन रूस्टर एकटा चौघांवर चाल करून जातो. तो घोड्याखाली सापडतो तेव्हा लबीफची लांबवरून आलेली गोळी त्याला वाचवते. दिवसभर ज्याच्या बढायांची टिंगल चालली होती, त्याच टेक्सासवाल्याची.

बहुतेक साहसकथा इथे संपल्या असत्या. ‘ट्रू ग्रिट’ खरी सुरू होते ती इथून. मॅटी चेनीवर गोळी झाडते, त्या धक्क्याने मागे कोलमडते आणि एका खोल खड्ड्यात पडते. तिथे हाडांचा सांगाडा आहे आणि हिवाळ्यात गोळा होऊन बसलेले विषारी साप आहेत. हात मोडतो, साप चावतो. रूस्टर दोराने खाली उतरतो. तिला वर काढले जाते ते लिटल ब्लॅकीच्या ताकदीवर. मग दोघांना पाठीवर घेऊन ते तट्टू धावत सुटते. रूस्टर त्याला मारतो, टोचतो, जखमेवर मीठ चोळतो. मॅटी रडून थांब म्हणते, तो थांबत नाही. तट्टू कोसळून मरते. मग जखमी रूस्टर तिला उचलून घेऊन स्वतः धावतो.

स्टोनहिलच्या कचेरीतले ते घासाघीस करून घेतलेले तट्टू! ज्या मुलीने प्रत्येक डॉलरचा हिशेब ठेवला, तिला हा खर्च कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही. हात कोपराच्या वर कापावा लागतो. तो प्रसंग ती दोन-चार वाक्यांत उरकते. तट्टाच्या मरणावर मात्र तिची लेखणी रेंगाळते. आयुष्यभर भावना आवरून बोलणारी बाई कशावर जास्त बोलते आणि कशावर कमी, ते पाहत राहिले की दुसरीच एक कादंबरी दिसू लागते.

चित्रपटांत काय राहून गेले?

१९६९ मध्ये हेन्री हॅथवे यांनी काढलेल्या चित्रपटातल्या रूस्टरसाठी जॉन वेन यांना कारकिर्दीतले एकमेव ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात मॅटीचा हात शाबूत राहतो, मरतो तो लबीफ आणि शेवटी वेन घोड्यावरून कुंपण ओलांडून जातात. पाहायला मजा येते, पण किंमत कुणी चुकवलीच नाही. कोएन बंधूंचा २०१० चा चित्रपट कादंबरीच्या कितीतरी जवळचा आहे. तिची ताठ भाषा, तो थंड उजेड आणि कापलेला हात, सगळे त्यात आहे. त्याला १० ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. मॅटी झालेल्या हेली स्टाइनफेल्डला नामांकन होते ते सहायक अभिनेत्रीचे. जवळजवळ प्रत्येक दृश्यात असलेली, गोष्ट सांगणारी, गोष्टीचा खर्च उचलणारी मुलगी ‘सहायक’! मॅटीने यावर डॅगेट वकिलांना नक्की पत्र लिहायला लावले असते.

कादंबरीची शेवटची पाने

त्या धावपळीनंतर पाव शतकभर मॅटी आणि रूस्टर यांची भेट होत नाही. ती त्याला घरी बोलावते, तो जमल्यास येईन म्हणतो आणि येत नाही. पुढे कधीतरी धाकटा भाऊ तिला वृत्तपत्रातली एक जाहिरात पाठवतो. मेम्फिसला ‘वाइल्ड वेस्ट’चा खेळ येणार आहे आणि त्यात रूस्टर कॉगबर्नचे नाव आहे. जुने गुन्हेगार आणि जुने पोलीस एकाच तंबूत तिकीट लावून कसरती दाखवतात, असे ते दिवस. सन १९०३. मॅटी रेल्वेने मेम्फिसला जाते. तिथे खेळातले दोन म्हातारे, एकेकाळचे नामांकित दरोडेखोर कोल यंगर आणि फ्रँक जेम्स, शीतपेय पीत बसलेले असतात. यंगर उठून उभा राहतो आणि अदबीने सांगतो, रूस्टर काही दिवसांपूर्वीच गेला. जेम्स बसूनच राहतो. बाई समोर उभी असताना न उठणाऱ्या या माणसाला मॅटी जाताना दोन शब्द सुनावते. फार वर्षांनी भेटायला आलेल्या माणसाच्या मरणाची बातमी ऐकल्यावर ती एवढेच करते.

मग ती रूस्टरचे शव उकरून काढवते, रेल्वेने डार्डनेलला आणते, आपल्या घराच्या दफनभूमीत पुरते आणि वर दगड बसवते. जेमतेम काही दिवसांच्या सोबतीतला, नात्यागोत्याचा नसलेला माणूस. गावात कुजबुज होते, भाऊ थट्टा करतो. लोकांना बोलायला काहीतरी लागतेच, असे म्हणून ती तो विषय झटकते. लग्न का केले नाही, याचेही उत्तर तिच्याकडे तयार आहे. कामातून सवड नव्हती आणि आईला सांभाळायचे होते.

लबीफचा ठावठिकाणा तिला कधीच लागत नाही. तो आता सत्तरीच्या पुढे गेला असेल, असा ती हिशेब करते. आणि हे पुस्तक वाचून त्याने पत्र पाठवले तर आपल्याला आनंद होईल, असे जाता जाता नमूद करते.